तुलनात्मक कायदा बांद्याच्या नाक्यापासून शिकवा

समान नागरी कायद्यावर वाद सुरू झाला की कुणीतरी हमखास म्हणतं, अरे गोव्यात तर आहेच की, मग बाकी देशात आणायला काय हरकत आहे. समोरचा म्हणतो गोव्याचं वेगळं आहे, ते इथे आणू नका. आता दोघांनाही विचारा की बाबांनो, गोव्यात नक्की आहे काय, लग्न झाल्यावर बायकोच्या वाट्याला काय येतं, बाप गेल्यावर मुलीला किती मिळतं, मृत्युपत्र करून मुलीला डावलता येतं का. बहुतेक वेळा दोघंही गप्प बसतात. सामान्य माणसाचं मी समजू शकतो, त्याला आपली कामं आहेत. पण मी सिंधुदुर्गात वकिली करतो, एका लॉ कॉलेजमध्ये तासांनाही जातो, आणि हीच गप्प बसायची पाळी शेवटच्या वर्षाच्या मुलांवर येते तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण इथून गोव्याची हद्द तासाभराच्या आत आहे आणि निम्म्या मुलांची मावशी-आत्या पेडण्याला किंवा म्हापशाला दिलेली आहे.

माझं म्हणणं असं की तुलनात्मक कायदा हा विषय एलएलबीच्या प्रत्येक मुलाला सक्तीचा पाहिजे, आणि त्याची सुरुवात लंडन-वॉशिंग्टनपासून न करता आपल्या शेजारापासून करायला पाहिजे.

आत्ता काय होतं? बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत सक्तीच्या विषयांची जी यादी आहे त्यात हा विषय स्वतंत्र म्हणून नाहीच. कुठे ऑप्शनल पेपर म्हणून असला तर असला. आणि तो शिकवला जातो तो कसा, तर ब्रिटनची राज्यघटना अलिखित, अमेरिकेची परिदृढ म्हणजे सहज न बदलता येणारी, स्वित्झर्लंडमध्ये सार्वमत, फ्रान्समध्ये प्रशासकीय न्यायालयं वेगळी. वैशिष्ट्यं पाठ करा, दहा मार्कांना लिहा, विसरून जा. याला तुलना म्हणत नाहीत, ही नुसती यादी झाली. एलएलएमला परिस्थिती बरी आहे, यूजीसीने एक वर्षाच्या एलएलएमची योजना आणली तेव्हा तुलनात्मक सार्वजनिक कायदा हा सक्तीचा पेपर केला. पण एलएलएमपर्यंत जातात किती जण? दिवाणी दावा लिहिणारा, वाटणीपत्र करणारा, बाईला पोटगी मिळवून देणारा वकील एलएलबीवरच थांबलेला असतो, आणि खरी गरज त्याला आहे.

तुलना करायची पद्धत काही अवघड नाही. जर्मनीत त्स्वायगर्ट आणि क्योट्झ या दोन प्राध्यापकांनी ती मांडली आणि जगभर अजून तिथूनच सुरुवात करतात, कुणी तिच्या बाजूने तर कुणी तिला विरोध करत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की कलमं शेजारी-शेजारी ठेवू नका, आधी माणसाची अडचण काय आहे ते ठरवा आणि मग बघा की ती अडचण हा कायदा कशी सोडवतो आणि तो कशी सोडवतो.

मी वर्गात एकच उदाहरण घेतो. एक माणूस वारला, मृत्युपत्र नाही. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि म्हातारी आई. मालमत्ता म्हणजे त्याने स्वतःच्या कमाईतून घेतलेलं घर, किंमत धरा ४० लाख. कुटुंब हिंदू, सिंधुदुर्गात गोव्याच्या हद्दीजवळ बांद्यात राहणारं. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बायको, मुलगा, मुलगी, आई हे चौघंही पहिल्या वर्गातले वारस, प्रत्येकाला सारखा हिस्सा, म्हणजे १०-१० लाख. आता हेच कुटुंब नाक्यापलीकडे गोव्यातल्या पत्रादेवीला न्या, मूळचं गोव्याचं, लग्नाआधी वेगळा करार केलेला नाही. तिथे वारसाचा प्रश्न येण्याआधीच निम्मं घर बायकोचं आहे, लग्नामुळेच झालेलं आहे, नवऱ्याच्या मरणाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे २० लाख तिचे. उरलेल्या २० लाखांची वाटणी मुलगा आणि मुलगी यांच्यात, १०-१०. आणि आई? आईला काही नाही, कारण मुलं असताना वारसा वरच्या पिढीकडे जातच नाही.

इथे वर्गात गलका होतो. मुली म्हणतात गोव्याचा कायदा भारी आहे. मग कुणीतरी म्हणतं, अहो सर पण आजी रस्त्यावर आली ना. आणि मला हवं असतं ते इथे सुरू होतं, कारण आता मुलं आपल्याच कायद्याकडे पहिल्यांदा बाहेरून बघायला लागतात. हिंदू कायद्याने म्हाताऱ्या आईला पहिल्या वर्गात का बसवलं? गोव्यात चालत आलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेने नवरा-बायकोला एक आर्थिक घटक का मानलं? आपल्याकडे बाई वीस वर्षं घर सांभाळते, शेतात राबते, आणि घटस्फोट झाला तर तिला मागायची ती पोटगी, घरात हिस्सा नाही, हे असंच असतं हे आपण गृहीत धरलेलं असतं. ते तसं नसलं तरी जग चालतं, आणि पाऊण तासावर चालतं, हे कळणं हेच मोठं शिक्षण आहे.

उदाहरण पुढे न्यायचं. त्याच माणसाने मरायच्या आधी मृत्युपत्र केलं आणि सगळं मुलाला दिलं असतं तर? बांद्यात त्याला तसं करता येतं, स्वकष्टाची मालमत्ता आहे, पूर्ण ४० लाख मुलाला, मुलीच्या हातात शून्य. पत्रादेवीला त्याच्या हातात मुळात २० लाखच, त्यातले १० लाख तो मर्जीने कुणालाही देऊ शकतो, उरलेले १० मुलांसाठी राखीव, त्याला हात लावता येत नाही. म्हणजे मुलीला काही केलं तरी किमान ५ लाख. आणि तो जिवंत असताना घर विकायला निघाला तर बायकोची सही लागते. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला, महाराष्ट्राने तर १९९४ लाच दिला होता, चांगलंच झालं. पण बापाने स्वतः कमावलेल्या घरातून मृत्युपत्राने मुलीला बाहेर काढता येतं ही फट आपल्याकडे आजही उघडी आहे. कॉलेजात तुलना शिकवली नाही तर ती फट आहे हेच कुणाला दिसत नाही.

अर्थात गोव्याचा कायदा म्हणजे स्वर्ग, असं मी शिकवत नाही. जुन्या संहितेत सामाईक मालमत्तेचा कारभार नवऱ्याच्या हातात दिलेला आहे. बहिणी तिकडेही भावाच्या नावे हक्क सोडतात आणि इकडेही, आमच्याकडे तर हक्कसोडपत्रावर सही करताना बाई म्हणते की माहेर तुटायला नको, दिवाळीला यायचं असतं, आणि यावर कुठल्याच कायद्यात कलम नाही. वकिलाने नुसता कागद बघून चालत नाही, तो कागद कुणाच्या घरात जाऊन कसा वागतो ते बघायला लागतं, आणि ते दोन घरं शेजारी ठेवली की जास्त स्वच्छ दिसतं.

आता गोव्यात समान नागरी कायदा आहे या वाक्याचं बघू. ती पोर्तुगीज नागरी संहिता १८६७ ची, गोव्यात लागू झाली १ जुलै १८७० पासून. १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६२ च्या कायद्याने संसदेने तिथले चालू कायदे पुढे चालू ठेवले. गंमत म्हणजे खुद्द पोर्तुगालने १९६६ साली नवी संहिता करून ही जुनी मोडीत काढली, आपल्याकडे ती राहिली. त्यातला वारसाचा भाग गोवा विधानसभेने २०१२ च्या स्वतःच्या कायद्यात घेतला, जो २०१६ च्या डिसेंबरात लागू झाला. आणि समान म्हणावं तर १८८० चा हिंदूंच्या रूढींचा वेगळा हुकूम आहे ज्यात बायकोला ठराविक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायची सवलत ठेवलेली, आज कुणी वापरत नाही तो भाग वेगळा. कॅथलिकांच्या चर्चमधल्या लग्नालाही वेगळी वागणूक आहे. दुसऱ्या बाजूला शरियत कायदा तिथे लागू नाही आणि मुसलमान कुटुंबांनाही तीच संहिता लागते, मालमत्तेच्या बाबतीत सगळे खरोखरच एका माळेत आहेत. म्हणजे आहेच म्हणणाराही अर्धा बरोबर आणि वेगळं म्हणणाराही अर्धा बरोबर. उत्तराखंडचा समान नागरी कायदा २०२५ च्या जानेवारीत लागू झाला, उद्या आणखी राज्यं करतील, उद्या आपल्या विधानसभेतही मसुदा येईल, तेव्हा त्यातलं कलम वाचून हे गोव्याचं आहे का, यात बायकोच्या अर्ध्या हिश्श्याचं काय झालं, असं विचारू शकणारे वकील आपल्याकडे असायला नकोत का? २०१० च्या विवाह कायदा दुरुस्ती विधेयकात घटस्फोटाच्या वेळी बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा द्यायची तरतूद आली होती, २०१३ ला राज्यसभेने ते मंजूर केलं आणि लोकसभेत ते अडकून संपलं. त्यावर मराठीत जी काही चर्चा झाली त्यात शेजारच्या राज्यात हे दीडशे वर्षं चालू आहे ही गोष्ट मी तरी फारशी ऐकली नाही.

कोर्टात याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना एक निकाल सांगतो. २०१९ साली सुप्रीम कोर्टासमोर जोसे पावलो कुतिन्हो यांचं प्रकरण आलं, गोवेकराची मुंबईतली मालमत्ता, तिला वारसाचा कायदा कुठला लावायचा. कोर्टाने सांगितलं की गोव्याचं डोमिसाईल म्हणजे कायद्याने धरलेलं कायमचं ठिकाण असलेल्या माणसाची मालमत्ता भारतात कुठेही असो, वारसा गोव्याच्या कायद्यानेच, कारण ती संहिता आता परदेशी राहिलेली नाही, संसदेने स्वीकारलेला भारतीय कायदा आहे. आता विचार करा, गिरगाव, माझगाव, धोबी तलाव, वांद्रे, पिढ्यानपिढ्या गोवेकर राहतात, हिंदूही आणि ख्रिश्चनही. त्यांच्या फ्लॅटचं मृत्युपत्र करून देणाऱ्या मुंबईच्या वकिलाने आपला क्लायंट मूळचा कुठला हे विचारलंच नाही तर तो कागद निम्मा फुकट जाऊ शकतो. हा कुठला परदेशी विषय आहे? हा गिरगावातला विषय आहे.

खरं तर महाराष्ट्राच्या पोटातच इतके कायदे आहेत. कुळकायदा घ्या. पश्चिम महाराष्ट्राला १९४८ चा, मराठवाड्याला हैदराबादचा १९५० चा, विदर्भाला १९५८ चा. एकाच राज्यात तीन, कारण तीन वेगळ्या राजवटींतून आपण एकत्र आलो. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते हे आपल्याकडे अजून आहे, निपाणी-बेळगावच्या बाजूला कर्नाटकने ती बंधनं २०२० ला काढून टाकली, मग काय झालं, जमिनी कुणाच्या हातात गेल्या, हे कोल्हापूरच्या लॉ कॉलेजच्या मुलांनी दोन गावांत फिरून बघायचा विषय आहे. आणि ही सवय आपल्याला नवी नाही. जुन्या हिंदू कायद्यात मुंबई हायकोर्टाला सतत बघावं लागायचं की मिताक्षरा हा जुना संस्कृत ग्रंथ काय म्हणतो आणि नीलकंठ भट्टांचा व्यवहारमयूख काय म्हणतो, कारण गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मयूखाला मान जास्त, बाकी महाराष्ट्रात मिताक्षरेला. मुंबई शाखेत मुलीला बापाकडून वारसाने आलेली इस्टेट पूर्ण मालकीने मिळायची, बंगाल आणि मद्रासकडे ती फक्त हयातीपुरती. भारतरत्न पां. वा. काणे मुंबई हायकोर्टात वकिली करायचे आणि मयूखाची आवृत्तीही त्यांनीच काढली. त्या पिढीला तुलना म्हणजे रोजचं काम होतं, हे आपण कधी सोडलं कुणास ठाऊक.

दुसरा मुद्दा, आणि मला हा तितकाच महत्त्वाचा वाटतो. आपण कायदे उसने घेतो, घ्यावेच, बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत स्वच्छ सांगितलं होतं की उसनं घेण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, राज्यघटनेच्या मूळ कल्पनांचं पेटंट कुणाकडे नसतं. पण बाबासाहेबांनी घेताना वाचून, पारखून घेतलं होतं. आपण नंतर काय केलं ते प्ली बार्गेनिंगमध्ये बघा, म्हणजे आरोपीने गुन्हा कबूल करून कमी शिक्षा घ्यायचा सौदा. अमेरिकेत ९० टक्क्यांहून जास्त शिक्षा आरोपीने गुन्हा कबूल करूनच होतात, म्हणून आपणही कोर्टांवरचा बोजा कमी करायला ते सीआरपीसीत म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत घातलं, २००६ पासून लागू. जिल्हा कोर्टात वकिली करणाऱ्या कुणालाही विचारा, किती केसेस अशा मिटल्या, बोटं पुरतील. कारण अमेरिकेत सरकारी वकिलाच्या हातात कुठला आरोप ठेवायचा आणि कुठला सोडायचा हे असतं, म्हणून त्याच्याकडे सौद्यात द्यायला काहीतरी असतं, आणि तिथे खटला हरलास तर शिक्षा इतकी मोठी की आरोपी घाबरून कबूल करतो. आपल्या सरकारी वकिलाकडे तसा अधिकार नाही. आणि आपला आरोपी काय हिशोब करतो, केस दहा वर्षं चालेल, साक्षीदार फुटतील, पंच उलटतील, सुटलो तर सुटलो, कबूल केलं तर शिक्का बसला, सरकारी नोकरी गेली. असा हिशोब असताना तो कबूल कशाला करेल? आणि आता २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच पुन्हा घेतलं, वर आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायची मुदत घातली. मुदत घालून मूळ कारण जात नाही. कायदा उचलताना त्याच्या भोवतीचं सगळं उचलता येत नाही, ही साधी गोष्ट ज्याने दोन कायदे नीट शेजारी ठेवून बघितलेत त्याच्या पहिल्याच दिवशी लक्षात येते.

उलट चांगलं उसनं कसं असतं? हायडेलबर्गचे प्राध्यापक डीटर कॉनराड यांनी १९६५ ला बनारसला व्याख्यान दिलं, घटनादुरुस्तीच्या अधिकारालाही आतून मर्यादा असतात म्हणून. जर्मनीने नाझी राजवट भोगून आपल्या घटनेत काही गोष्टी कधीच न बदलण्याच्या ठेवल्या होत्या, तो अनुभव त्यामागे होता. आपल्या घटनेत तसं कलम नाही, तरी तो विचार वकिलांमार्फत सुप्रीम कोर्टात पोचला आणि १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात मूलभूत चौकट म्हणून, म्हणजे घटनेचा गाभा दुरुस्ती करूनही मोडता येत नाही म्हणून, उभा राहिला, आपल्या मातीत वेगळाच होऊन. पुढे १९८९ ला बांगलादेशच्या सुप्रीम कोर्टाने तो आपल्याकडून घेतला. दक्षिण आफ्रिकेच्या घटनेत तर लिहूनच ठेवलंय की मूलभूत हक्कांचा अर्थ लावताना कोर्टाने परदेशी कायदा विचारात घ्यावा तर घ्यावा. १९९५ ला त्यांच्या घटनात्मक कोर्टाने फाशी रद्द केली तेव्हा आपला फाशी वैध ठरवणारा बच्चन सिंग निकाल वाचला, त्यावर लिहिलं, आणि तुमच्या घटनेचे शब्द वेगळे आहेत, आमचे वेगळे, म्हणून आम्ही तुमच्या वाटेने जात नाही असं सांगितलं. वाचून नाकारणं हे न वाचता स्वीकारण्यापेक्षा किती वेगळं आहे.

विरोध मला माहीत आहे. सहकारी म्हणतात, मुलांना सीपीसी म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहिता धड येत नाही, प्लेंट म्हणजे साधा दावा लिहिता येत नाही, आणि तुम्ही जर्मनी काढताय. मला उलट वाटतं. ज्या मुलाने बांदा आणि पत्रादेवीची वाटणी स्वतः कागदावर करून बघितली त्याला हिंदू उत्तराधिकार कायद्याचं आठवं कलम परत पाठ करावं लागत नाही, ते डोक्यात बसतं. दुसरं म्हणतात की जेएमएफसीच्या म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेला येत नाही. खरं आहे, येत नाही, पण कॉलेज म्हणजे जेएमएफसीचा क्लास नव्हे. आणि पुण्याच्या फॅमिली कोर्टात जाऊन बघा, अर्धं आयुष्य टेक्सासला काढलेली जोडपी, अमेरिकन कोर्टाचा घटस्फोट इथे चालतो का हा प्रश्न घेऊन उभी असतात. १९९१ च्या नरसिंह राव निकालात मिसूरीच्या कोर्टाची डिक्री आपल्या सुप्रीम कोर्टाने मानली नाही, का मानली नाही हे समजायला तिकडचा घटस्फोट कशावर मिळतो हे माहीत पाहिजे ना.

मोठी अडचण वेगळीच आहे आणि ती मी मानतो, ती म्हणजे भाषा. आपली कितीतरी मुलं मराठीतून विचार करतात, मराठीतून पेपर लिहितात, आणि या विषयावरचं चांगलं वाचायला इंग्रजीशिवाय जवळपास काही नाही, गोव्याच्या संहितेचं मूळ तर पोर्तुगीजच. म्हणून मला वाटतं सुरुवात छोटी करावी. कौटुंबिक कायद्याच्या पेपरात दहा तास गोव्याला द्या, कुळकायद्याच्या भागात तीन विभागांना द्या. सावंतवाडी, कुडाळ, कोल्हापूरच्या मुलांना एक दिवस म्हापशाच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे आणि नोटरीकडे न्या, लग्नाआधीचा करार कसा नोंदवतात, इन्व्हेंटरीत म्हणजे वारसांच्या वाटणीच्या कोर्टातल्या कामात वारसांमध्येच घराची बोली कशी लागते ते बसून बघू द्या. तिकडची मुलं इकडे तलाठ्याकडे आणा, फेरफार आणि हक्कसोड दाखवा. आणि मराठीत टिपणं तयार करा, मी माझी दोन-तीन केलीत, कुणालाही देतो. हे करायला विद्यापीठाच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही, प्राध्यापकाने मनावर घेतलं की होतं. फक्त एका कामाला वेळ नाही. १९६१ च्या आधी पोर्तुगीजमधून कायदा शिकून तिथल्या कोर्टात उभे राहिलेले वकील आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. जुन्या दस्तांमधला एखादा शब्द कोर्टात कशा अर्थाने घ्यायचे हे सांगणारी ती शेवटची माणसं आहेत, आणि पणजी-मडगावच्या कॉलेजांनी आणि आपल्या कॉलेजांनी मिळून त्यांच्याकडे रेकॉर्डर घेऊन जायचं असेल तर ते याच वर्षी जायला पाहिजे.